मशीन वाटली, पण सुई कोण देणार?

दसऱ्याला आपण औजारे पुजतो. वखर, डवरा, तिफण, विळा, कुऱ्हाड, सब्बल अंगणात मांडली जाते. आता त्यांच्या ओळीत फवारणीचा पंप आणि ट्रॅक्टरही आला. शिंपी आपल्या मशीनला हार घालतो, लोहार ऐरणीला कुंकू लावतो. पण ज्या सुईने घरातल्या साऱ्या वाकळा शिवल्या ती सुई भिंतीवरच्या कॅलेंडरला टोचलेली असते, आणि ज्या दाभणाने कापसाची, सोयाबीनची, तुरीची पोती शिवली ते दाभण वळचणीत खोचलेले असते. त्यांच्याकडे औजार म्हणून कुणी बघत नाही. ते बाईच्या हातातले, एवढेच त्याचे कारण.

कुणी म्हणेल, कापसाचा भाव, विम्याचे पैसे, रोही-रानडुकरांचा उपद्रव एवढे प्रश्न असताना या पानावर सुई-दोऱ्याची चर्चा कशाला? चर्चा अशासाठी, की सुई-दोऱ्याच्या नावाने सरकारचा पैसा गावागावांत येतो आहे आणि त्यातला बराचसा गंजून जातो आहे. गेल्या कित्येक वर्षांत शिलाई मशीन ही सरकारी योजनांची लाडकी वस्तू झाली. जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग देतो, समाजकल्याण विभाग देतो, निवडणुकीच्या वर्षात पुढारीही देतात. फोटो निघतो, पेपरात बातमी येते. पुढे त्या मशीनचे काय होते, याची बातमी येत नाही.

नाचणगावात एका घरी मी अशी एक मशीन पाहिली. वर चादर टाकलेली, चादरीवर टीव्ही. बाईला विचारले, तर ती म्हणाली, "भाऊ, चांगली चालत होती. एक दिवस सुई तुटली. दुसरी आणली त ते बसेचना, टाकेच सोडे. मंग पट्टा ढिला झाला. कोणाले दाखवू? तवापासून हे अशीच हाय." नाचणगावपासून पुलगाव काय लांब आहे? बाजारपेठ हाकेच्या अंतरावर. तिथे ही अवस्था, तर आडवळणाच्या, एसटीही न पोचणाऱ्या गावात काय असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

त्या मशीनमध्ये मुळात काहीही बिघडले नव्हते. सुई चुकीच्या नंबरची होती, आणि तीही उलटी बसवलेली. हजारो रुपयांची मशीन एका सुईसाठी टीव्हीचे टेबल होऊन बसली होती.

तेव्हा आधी सुईबद्दलच बोलू. हाताच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. मशीनच्या सुईचे नेमके उलटे, नंबर मोठा तितकी सुई जाड. ही उलटापालट कुणी सांगत नाही, म्हणून बाया दुकानात जाऊन नुसते "सुई द्या" म्हणतात आणि दुकानदार हाताला येईल ती देतो. मशीनला पातळ कापडासाठी ११ नंबर, नेहमीच्या सुती कापडासाठी १४, पँटच्या जाड कापडासाठी १६, जीन्स किंवा चार पदरी जाड कामासाठी १८, एवढे पाठ असले तरी पुष्कळ. मशीनच्या सुईच्या दांड्याची एक बाजू चपटी असते. जुनी सुई काढण्याआधी ती चपटी बाजू कुणीकडे होती ते पाहून ठेवावे आणि नवी तशीच, दांडा वर टेकेपर्यंत बसवावी. आणि सुई तुटेपर्यंत वाट पाहू नये. ठकठक आवाज येऊ लागला, टाके सुटू लागले, कापड चुरगळू लागले, की तिचे टोक बोथटले असे समजावे. सात-आठ तास सलग शिवण झाली की सुई बदलावी, असे जाणकार सांगतात. आपल्याकडे एकेक सुई दोन-दोन वर्षे चालते आणि दोष दोऱ्याला दिला जातो.

जाता जाता एक गंमत. हाताच्या सुईला नेढे मागच्या टोकाला असते, मशीनच्या सुईला पुढच्या. अमेरिकेत एलियास होवे याने १८४६ साली ज्या मशीनचे पेटंट घेतले तिचे मर्म यातच होते. नेढे टोकाशी आल्यामुळे सुई कापडाच्या पार न जाता नुसती बुडी मारून वर येते, आणि खाली बॉबिनचा दुसरा दोरा तिच्या दोऱ्यात अडकतो. दोन दोऱ्यांची गाठ प्रत्येक टाक्याला पडते, म्हणून मशीनची शिवण सहसा सरसर उसवत नाही. पोती शिवायच्या हातमशीनची गोष्ट मात्र वेगळी. तिचा टाका साखळीचा असतो. योग्य टोक हाती लागले की एका ओढीत पोत्याचे तोंड मोकळे होते. चुकीच्या टोकाला कितीही ओढा, आणखीच घट्ट होते. बाजार समितीतल्या हमालाला हे ठाऊक असते, आपण मात्र घरी विळ्याने पोते फाडतो.

आता वाकळ. गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, वऱ्हाडी बोलीत वाकय म्हणा. उन्हाळ्यात शेतीची कामे थंडावली की सारवलेल्या जमिनीवर जुने लुगडे पसरायचे, त्यावर धोतर, सदरे, फाटक्या चादरी यांचे थर लावायचे, वरून दुसरे लुगडे, आणि चार कोपऱ्यांवर चार दगड किंवा पाट्याचा वरवंटा. मधून कडेकडे कच्चे टाके घालून थर जागेवर बसवायचे, मग कडेपासून आत धावदोरा फिरवत न्यायचा. चार बाया चार बाजूंनी बसल्या तर काम लवकर उरकते आणि गावभरच्या बातम्याही कळतात. पानिपतचे ब्लँकेट स्वस्त झाले म्हणून वाकळ मोडीत निघाली, असे शहरातले लोक म्हणतात. खेड्यात तसे झालेले नाही. बाळंतिणीला, तान्ह्या लेकराला आणि जागलीवर जाणाऱ्या माणसाला आजही वाकळच लागते. ती धुता येते, ती घाम पिते, आणि फाटली तर तिच्यावर आणखी एक थर चढतो.

या कामात बायांचा सगळ्यात मोठा शत्रू जाडी. सात-आठ पदरांतून सुई ढकलायची म्हणजे बोटाच्या पेराला भोक पडते. त्यावर औषध अंगुस्तान. शिंप्याच्या मधल्या बोटात पितळी टोपी किंवा उघड्या तोंडाचे कडे असते, तेच ते. किंमत एक-दोन चहांची. पण मी ज्या ज्या घरी वाकळ शिवताना पाहिली त्यातल्या फार थोड्या घरांत अंगुस्तान होते. बोटाला चिंधी गुंडाळतात, नाहीतर रक्त चोखत शिवतात. पुरुषांना डवरणीला हातमोजे नकोत आणि बायांना शिवणीला अंगुस्तान नको, ही आपल्याकडची एक विचित्र मर्दुमकी आहे.

ढकललेली सुई पलीकडून ओढायची पंचाईत वेगळीच. ती घामाने निसटते. इथे मात्र आमच्या बायांनी स्वतःच तोड काढलेली आहे. सायकलच्या फाटक्या ट्यूबचा दोन बोटे रुंद तुकडा अंगठा आणि तर्जनीत धरला की सुई गच्च पकडली जाते आणि लोण्यातून निघावी तशी निघते. कोणत्याही दुकानातल्या साधनापेक्षा हे साधन सरस, आणि फुकट. ज्या कुणा बाईला हे पहिल्यांदा सुचले तिचे पेटंट कुणी घेतलेले नाही.

दाभणाने मात्र वाकळ शिवू नये. दाभणाचे टोक धारदार, कडांचे असते. ते ताग आणि ताडपत्रीसाठी ठीक, पण जुन्या लुगड्याचे सूत ते बाजूला सारत नाही, कापते. आज दिसत नाही, दोन धुण्यांनंतर प्रत्येक टाक्याशी भोक पडलेले दिसते. वाकळेला लांब, गोल टोकाची जाड सुई आणि सुती दोराच हवा. नायलॉनचा दोरा मजबूत असतो म्हणून बाया तो वापरतात, पण दोरा कापडापेक्षा मजबूत झाला की तुटायची वेळ आल्यावर कापड तुटते. दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो, कापड फाटले तर ठिगळच.

सुती दोरा गुंतू नये म्हणून त्याला मेण लावावे. मोहोळ काढणाऱ्याकडून मेणाचा सुपारीएवढा गोळा मागून घ्यावा आणि दोरा त्यावरून दोनदा ओढावा. पीळ बसतो, गाठी पडत नाहीत. मेणबत्तीही चालते, पण तिचा चुरा पडतो. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नये. लांब दोरा घेतला की ओवायचा त्रास वाचतो असे वाटते, पण तो प्रत्येक टाक्याला कापडातून घासून निघतो आणि शेवटी शेवटी केसाएवढा उरतो.

कात्रीबद्दल काय बोलावे! कास्तकाराच्या घरात कात्री एकच, आणि तिला सालदारासारखी सगळी कामे. तिनेच लुगडे कापायचे, तिनेच शाळेचा पुठ्ठा, तिनेच जूनमध्ये बियाण्याची पाकिटे, तिनेच ठिबकची नळी. मग कापडावर ती चघळते आणि बाई म्हणते, कात्री वाईट निघाली. कापडाची कात्री वेगळी ठेवावी. तिने कागदसुद्धा कापू नये, मग पाकीट आणि नळी दूरच. मेरठच्या कात्र्या देशात नावाजलेल्या आहेत. जुन्या मोटारींच्या कमानपट्ट्यांसारख्या भंगार पोलादापासून त्या घडवतात, आणि २०१३ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा कात्रीला पुनःपुन्हा धार लावता येते. पण धार लावणार कोण? सायकलवर चाक बसवून गल्लीगल्लीत ओरडत फिरणारा धारवाला आता क्वचितच येतो. बारीक पॉलिश पेपर चार-सहा वेळा कापला तर कात्रीच्या पात्यावरची बारीक खर निघते, पण ती काही खरी धार नव्हे. ती लोहाराच्या हातचीच.

बाकीची साधने लहान आहेत, पण एकेकाचे काम मोठे. प्लास्टिकचा टेप वर्षा-दोन वर्षांत ताणतो, म्हणून तो अधूनमधून लोखंडी पट्टीशी लावून पाहावा. ६० इंची टेप इंचभर जरी वाढला तरी पोराची चड्डी ढगळ होते. खुणेला दुकानातला खडू नसला तर अंगाच्या साबणाची झिजलेली वडी उत्तम, पहिल्या धुण्यात खूण जाते. उसवायला बाया अर्धे ब्लेड वापरतात आणि कापडासकट बोट कापून घेतात. त्याला उसवणीचे छोटेसे हत्यार मिळते, दोन टोकांचे, एक टोक गोळीचे. सुईत दोरा ओवायला पातळ पत्र्याला तारेचा फासा लावलेले साधन येते, ते तर अगदी मामुली किमतीचे. आणि जमिनीवर सांडलेल्या सुया-टाचण्या वेचायला जुन्या रेडिओच्या स्पीकरमधले चुंबक. रांगते लेकरू असलेल्या घरात ते पाहिजेच.

मशीनची निगा हा तसा वेगळा विषय, पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. मशीनला खोबरेल घालू नये. थंडीत ते गोठते, मग मशीन हलत नाही, आणि मग पायडलवर जोर देऊन पट्टा तुटतो. एरंडीचे तेल तर त्याहून चिकट. मशीनचे म्हणून पातळ, पांढरे तेल मिळते, तेच घालावे, थेंब-थेंब, आणि त्याआधी दात्यांखाली साचलेला कापसाचा मळ ब्रशने काढावा. दुसरी गोष्ट बॉबिनची. खालून दोऱ्याची जाळी होऊ लागली की बाया वरचा दोरा आवळत सुटतात. बॉबिनची डबी दोऱ्याने लोंबकळत धरून पाहावी. आपोआप घसरत खाली गेली तर स्क्रू सैल आहे. हलका झटका दिल्यावर बोटभर उतरून थांबली तर ठीक. झटक्यानेही हलली नाही तर घट्ट. ही परीक्षा शिकायला दोन मिनिटे लागतात, आणि ती येत नाही म्हणून किती मशिनी झाकून पडल्या असतील, देव जाणे.

हे सगळे बायांचे काम म्हणून जे पुरुष वाचक पान उलटायच्या बेतात असतील त्यांनी जरा थांबावे. कापसाचे बोरे आणि वेचणीच्या झोळ्या तुम्ही कशाने शिवता? घरात हाती लागेल त्या प्लास्टिकच्या सुतळीने. त्या सुतळीचे बारीक तंतू कापसात मिसळतात. जिनिंगमध्ये ते निघत नाहीत, सूतगिरणीत ते आणखी बारीक होऊन धाग्यात जातात, आणि कापड रंगवले की त्यावर रंग न चढलेले ठिपके दिसतात. खताच्या प्लास्टिक गोणीत कापूस भरला तरी तेच. तागाच्या सुतळीचे धागेही कापसात नकोच असतात. ज्या हिंगणघाटच्या कापसाचे नाव एके काळी विलायतेच्या बाजारात चालत होते त्या जिल्ह्याचा कापूस अस्वच्छ ठरावा, हे आपल्याला शोभत नाही. कापसाचा बोरा सुती कापडाचा असावा आणि तो सुती दोऱ्यानेच सांधावा. दाभणाला सुती दोरा ओवायला कुणाची मंजुरी लागत नाही. दोन-तीन जुन्या चादरींच्या झोळ्या शिवून घेतल्या तर वेचणाऱ्या बायांच्या खांद्यालाही आराम पडेल.

सुई, कात्री, अंगुस्तान, सगळे सांगितले, पण सगळ्यात महत्त्वाचे साधन राहिलेच. ते म्हणजे चष्मा. चाळिशीनंतर जवळचे अंधूक दिसू लागते, ते प्रत्येकाला. गावातल्या बाया याला म्हातारपण समजतात आणि सुई नातीच्या हातात देऊन गप्प बसतात. "पोरी, एवढा दोरा ओवून दे वं," हे वाक्य ज्या घरात रोज ऐकू येते त्या घरात शिवणाऱ्या बाईचे निम्मे काम बंद झालेले असते. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना जवळचा साधा चष्मा देऊन पाहिले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चष्मा मिळालेल्यांचे पान तोडण्याचे काम चष्मा न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी वाढलेले दिसले. चहाचे पान तोडायला जर एवढा फरक, तर सुईच्या नेढ्याला किती? आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे, नेत्रतपासणीची शिबिरे होत असतात. शिलाई मशीनच्या अर्जासोबत दहा कागद जोडायला लावतात, त्यात डोळे तपासल्याची एक चिठ्ठी का असू नये? मशीन मंजूर करताना चष्माही मंजूर करावा.

वर्धा जिल्ह्यात बसून शिलाई मशीनबद्दल लिहिताना गांधीजींची आठवण टाळता येत नाही. यंत्राचे विरोधक म्हणून त्यांना ओळखतात, पण १९२४ साली एका मुलाखतीत त्यांनी सिंगरच्या शिलाई मशीनला स्पष्ट अपवाद केला होता. बायकोचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहून सिंगरने मशीन काढली, ही कथा त्यांनी त्या वेळी सांगितली. कथा कितपत खरी हा प्रश्न सोडून देऊ. त्याहून कामाची गोष्ट १९२९ सालची आहे. चांगल्या चरख्यासाठी त्या वर्षी चरखा संघातर्फे एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर झाले. त्या काळातले एक लाख! अटी काय होत्या पाहा. यंत्र हलके असावे, बाईला सहज चालवता यावे, किंमत १५० रुपयांच्या वर नसावी, वीस वर्षे टिकावे, आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. बक्षीस कुणालाच मिळाले नाही. पण शेवटची अट पुन्हा एकदा वाचा. यंत्र देण्याआधीच दुरुस्तीचा हिशेब! आपल्या आजच्या योजनांच्या कागदांत मशीनची कंपनी, वजन, रंग, सगळे असते. हीच एक ओळ नसते.

समजा मशीन ८,००० रुपयांची आहे. पाच टक्के म्हणजे वर्षाला ४०० रुपये. यात सुया, तेल, पट्टा, बॉबिन आणि एकदा कारागिराची हजेरी बसू शकते. म्हणजे वीस मशिनींच्या जागी एकोणीस दिल्या तर उरलेल्या पैशात त्या एकोणीसही मशिनी एक वर्ष चालत्या राहतील. वीस वाटून त्यातल्या दहा बंद पडण्यापेक्षा हे बरे, की नाही? पण आकडा वीसचा छापला जातो, चालणाऱ्या मशिनींचा आकडा कुणी मागत नाही. माझे म्हणणे आहे की जिल्हा परिषदेच्या सभेत सदस्यांनी तोच आकडा मागावा.

पैशाची आणखी एक अडचण. ५ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयानंतर बऱ्याच वस्तू सरकार स्वतः खरेदी करून वाटत नाही. लाभार्थ्याने आधी विकत घ्यायची, पावती जोडायची, मग पैसे खात्यात जमा. यातून खराब वस्तू गळ्यात मारण्याचे प्रकार कमी झाले, हे मान्य. पण जिच्याकडे आधी पैसे आहेत तीच मशीन घेऊ शकते, आणि जिला खरी गरज ती बचत गटाचे कर्ज काढते. पैसे जमा व्हायला उशीर लागला की व्याज तिच्या डोक्यावर. म्हणून ती सगळ्यात स्वस्त मशीन घेते, आणि कात्री-अंगुस्तान तर घेतच नाही.

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत मात्र साधनांचा विचार आहे, हे कबूल केले पाहिजे. अठरा पारंपरिक व्यवसायांत शिंपी आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, साधनांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर, आणि पुढे पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व मग दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची रचना. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते. तेव्हा सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी अर्ज पडून राहू देऊ नये, एवढी विनंती. दुःख एका गोष्टीचे आहे. त्या अठरा व्यवसायांत लोहार आहे, न्हावी आहे, मासेमारीचे जाळे विणणारा आहे, पण धनुकलीवर कापूस पिंजून गादी-रजई भरणारा पिंजारी नाही, आणि वाकळ शिवणारी बाई तर नाहीच. कापसाच्या मुलखात हे विसरले जावे, ही मोठीच गंमत. तोवर शिवणकाम येणाऱ्या बायांनी शिंपी म्हणून अर्ज करायला काय हरकत आहे?

आणि शिवून विकायचे काय, हा प्रश्न कुणी विचारील तर उत्तर शाळेत आहे. २०२४-२५ मध्ये राज्यभर एकच गणवेश, एकाच ठिकाणाहून कापड, असा प्रयोग झाला. पावसाळा संपला तरी कित्येक शाळांत गणवेश पोचले नव्हते, आणि जे पोचले त्यांच्या मापांच्या तक्रारी आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने तो निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिला. म्हणजे गावच्या शाळेचे गणवेश गावात शिवून घेण्याची वाट मोकळी आहे. समितीने तालुक्याच्या दुकानातून तयार गठ्ठा उचलण्याआधी गावातल्या बायांना एकदा विचारावे. पोरे समोर, टेप हातात, मापे चुकायचे कारण नाही. चार मशिनी चालू असतील तर एका शाळेचे काम पंधरवड्यात होते. पण त्या चार मशिनी चालू असल्या पाहिजेत.

त्यासाठी ग्रामपंचायतीने करायचे काम फार खर्चाचे नाही. उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचेच असतात, आणि बऱ्याच ठिकाणी ते कशाबशा एखाद्या कार्यक्रमात, हळदीकुंकवाच्या वाणात जातात. त्यातून गावासाठी एक शिवणपेटी करावी. पेटीत सर्व नंबरच्या मशीनच्या सुया, हाताच्या सुयांची पाकिटे, दोन दाभण, डझनभर अंगुस्तान, मेण, दोन चांगल्या कात्र्या, उसवणी, दोरा ओवायची साधने, टेप, मशीनचे तेल, ब्रश, स्क्रूड्रायव्हर, दोन पट्टे, चार बॉबिन आणि वेगवेगळ्या नंबरचे जवळचे तीन-चार चष्मे, ज्याला जो लागेल तो घालून पाहायला. पेटी अंगणवाडीत ठेवायची की बचत गटाच्या अध्यक्षबाईकडे, ते ग्रामसभेने ठरवावे. सुई-दोरा-तेल विकत, बाकीचे वापरून परत.

पेटीसोबत गावातल्या एका मुलीला मशीन दुरुस्तीचे शिक्षण द्यावे. शिवणाचे वर्ग पुष्कळ निघतात, दुरुस्तीचा वर्ग निघत नाही, कारण हे काम पुरुषाचे असे ठरून गेले आहे. वर्ध्याला मगनवाडीत, जिथे १९३४ पासून ग्रामोद्योगाचे काम चालले आणि १९३८ साली मगन संग्रहालय उघडले, तिथेच आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. आठ-दहा ग्रामपंचायतींनी मिळून पत्र दिले तर असा वर्ग मागता येईल. पाना आणि स्क्रूड्रायव्हर चालवायला मिशा लागत नाहीत. शिकलेल्या मुलीने महिन्यातून एक फेरी आसपासच्या दोन-तीन गावांत मारली तर तिचीही मजुरी सुटेल आणि टीव्हीखालच्या मशिनीही बाहेर निघतील.

नाचणगावसारख्या मोठ्या गावाने हे आधी करून दाखवावे. १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरची ग्रामसभा त्यासाठी चांगली. विषयपत्रिकेवर विषय घ्यायचा म्हणजे आधी अर्ज द्यावा लागेल, तो बचत गटाच्या बायांनी स्वतःच्या सहीने द्यावा, पुढाऱ्याच्या चिठ्ठीने नको. ठरावात गावातल्या बंद मशिनींची यादी जोडावी, कोणत्या योजनेतून आली, केव्हा आली आणि कशासाठी बंद आहे, एवढे तीन रकाने पुरेत. कात्री मात्र पेटीला दोरीने बांधून ठेवावी लागेल, ग्रामपंचायतीच्या टेबलावरच्या पेनासारखी. नाहीतर जूनमध्ये बियाण्याची पाकिटे कापायला ती कुणीतरी उचलून नेईलच.